विंचवाचं बिऱ्हाड: ईएसएक्सआयवरची व्हर्च्युअल मशीनं प्रॉक्समॉक्सवर नेताना

आमच्याकडे टीव्हीच्या शोकेसखाली, इन्व्हर्टरच्या बॅटरीला खेटून, माझा सर्व्हर बसलेला असतो. सर्व्हर म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून बाद झालेला डेस्कटॉप. सहाव्या पिढीचा आय५, ३२ जीबी रॅम, आणि उन्हाळ्यात कुरकुरणारा पंखा. त्यावर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय ७ होतं आणि त्याच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीनं: जाहिराती अडवणारं पाय-होल, फोटो साठवणारं नेक्स्टक्लाउड, दिवे-पंखे सांभाळणारं होम असिस्टंट, आणि बाबांचं टॅली असलेलं विंडोज १०. ही चारही मशीनं मी एका सेकंडहँड मिनी पीसीवर, प्रॉक्समॉक्सवर हलवली. हा लेख त्याच हलवाहलवीचा आहे, आणि ज्यांनी हे कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे.

नव्या मंडळींसाठी दोन ओळी. एकाच खऱ्या मशीनवर अनेक खोटी मशीनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. ईएसएक्सआय आणि प्रॉक्समॉक्स दोन्ही त्यातलीच. आतल्या प्रत्येक मशीनला वाटतं की आपल्याला स्वतःची डिस्क, स्वतःची रॅम, स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे. बाहेरून पाहिलं तर ते सगळं मशीन म्हणजे एक फोल्डर: एक मोठी डिस्कची फाइल आणि सोबत एक छोटी वर्णनाची फाइल. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं. म्हणून वाटतं की फोल्डर उचललं, दुसरीकडे ठेवलं, झालं.

डिस्कची फाइल खरोखरच सहज हलते. अडतं ते तिच्या भोवतीच्या गोष्टींमुळे. नवीन घरात नेटवर्क कार्ड वेगळं, डिस्कचा कंट्रोलर वेगळा, बूट होण्याची पद्धत कदाचित वेगळी, आणि आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला याची कुणी कल्पनाच दिलेली नसते. माझा सगळा वाया गेलेला वेळ कॉपी करण्यात गेला नाही, निघण्याआधी जे आवरायला हवं होतं ते न आवरल्यामुळे गेला. त्यामुळे पुढे पायरी २ सर्वांत लांब आहे. ती गाळू नका.

हे करायचं कशासाठी

ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतलं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. महिन्याभरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घरगुती वापरणाऱ्यांचं लाडकं मोफत ईएसएक्सआयही बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये आवृत्ती ८ ची मोफत प्रत पुन्हा आली खरी, पण तोवर बऱ्याच जणांनी गाशा गुंडाळला होता. आवृत्ती ७ चा नियमित आधार २ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

माझं कारण आणखी साधं होतं. घरगुती मदरबोर्डवर बहुतेकदा रिअलटेकचं नेटवर्क कार्ड असतं. ईएसएक्सआय ७ पासून लिनक्सचे जुने ड्रायव्हर चालवायची सोय काढून टाकली गेली, आणि रिअलटेकसाठी लोकांनी जमवलेला जुगाडही तिच्यासोबत गेला. प्रॉक्समॉक्स मुळात डेबियन लिनक्स आहे, त्यात केव्हीएम (लिनक्सचाच हायपरवायझर) आहे, त्यामुळे घरात पडलेलं जवळपास कुठलंही यंत्र त्याला चालतं. कंपनी व्हिएन्नाची, सॉफ्टवेअर मुक्तस्रोत, पहिली आवृत्ती २००८ ची. आणि २०२४ च्या वसंतात त्यांनी ईएसएक्सआयवरून थेट मशीन ओढून घेणारा इम्पोर्ट विझार्ड आणला. आवृत्ती ८.२ पासून तो आपसूक मिळतो. आपण तोच वापरणार आहोत.

आधी कागद, मग कीबोर्ड

एक वही घ्या. प्रत्येक मशीनसाठी अर्धं पान. माझ्या वहीतलं पाय-होलचं पान असं होतं:

पाय-होल. डेबियन १२. बायोस. डिस्क १६ जीबी, पैकी ४ वापरात. रॅम १ जीबी, कोअर १. आयपी १९२.१६८.१.१०, आतच बसवलेला. मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक) लिहून घेतला. स्नॅपशॉट २, दोन्ही विसरलेले. बंद पडलं तर: सगळ्या घराचं नेट.

यातली 'बायोस' ही नोंद सर्वांत महत्त्वाची. ईएसएक्सआयमध्ये मशीनच्या एडिट सेटिंग्जमध्ये 'व्हीएम ऑप्शन्स'खाली बूटची पद्धत दिसते: बायोस किंवा ईएफआय. नव्या ठिकाणी हीच ठेवावी लागते. प्रॉक्समॉक्समध्ये बायोसला 'सीबायोस' म्हणतात आणि ईएफआयला 'ओव्हीएमएफ'. ही अदलाबदल झाली तर मशीन काळ्या पडद्यावर बसून राहतं, आणि आपण उगाच डिस्क बिघडली म्हणून घाबरतो.

शेवटची नोंदही लिहाच. पाय-होल हलवायला घेतलं की घरातल्या प्रत्येक फोनचं नेट जातं, कारण नावावरून पत्ता शोधून देणारं तेच असतं. त्या दिवसापुरता राउटरमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ टाका. मी टाकला नव्हता. आईची मालिका मोबाइलवर चालू होती. "नेट तूच घालवलंस ना रे?" हा प्रश्न आत येईपर्यंत चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पायरी १: नवं घर उभं करा

नव्या मशीनच्या बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा. इंटेलवर 'व्हीटी-एक्स', एएमडीवर 'एसव्हीएम' नावाने ते असतं. प्रॉक्समॉक्सची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर लिहा. विंडोजवर रुफस वापरत असाल तर तो विचारेल तेव्हा 'डीडी' पद्धत निवडा, नाहीतर पेनड्राइव्ह बूट होत नाही.

इन्स्टॉलर तुम्ही निवडलेली डिस्क पूर्ण पुसतो. 'पूर्ण' म्हणजे पूर्ण. त्या यंत्रात दुसरी एखादी फोटोंची डिस्क असेल तर आधी तिची केबल काढून ठेवा. मग आयपी पत्ता विचारेल: राउटर आपोआप वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा पत्ता द्या. नाव विचारेल तिथे शेवटी 'होम डॉट अर्पा' लावलं तर चांगलं, ते घरगुती नेटवर्कसाठीच राखून ठेवलेलं आहे. फाइल सिस्टिम नवख्यांनी आहे तीच ठेवावी.

इन्स्टॉल झालं की दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता उघडा, पोर्ट ८००६. ब्राउझर सर्टिफिकेटबद्दल आरडाओरडा करेल, पुढे जा. युजर 'रूट'. आत गेल्यावर सबस्क्रिप्शन नसल्याची खिडकी येते. ती फक्त सूचना आहे, काहीही अडत नाही. मात्र अपडेटच्या 'रिपॉझिटरीज'मध्ये जाऊन 'एंटरप्राइज' नावाच्या नोंदी बंद करा आणि 'नो-सबस्क्रिप्शन' जोडा, मग अपडेट घ्या.

पायरी २: निघण्याआधीची आवराआवर

हे सगळं मशीन जुन्या जागी, ईएसएक्सआयवर चालू असतानाच करायचं.

बॅकअपपासून सुरुवात. मशीन बंद करून ईएसएक्सआयच्या पानावरून 'एक्स्पोर्ट' केलं की ब्राउझर त्याच्या फाइली उतरवून देतो. बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. इम्पोर्ट विझार्ड जुन्या मशीनला हात लावत नाही, फक्त वाचतो, पण आपण घाईत कुठे हात लावू याचा नेम नसतो.

मग स्नॅपशॉट. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कचा एका क्षणी गोठवलेला फोटो. त्यानंतरचे बदल वेगळ्या फाइलमध्ये साठत जातात. असे दोन-तीन थर असले की इम्पोर्ट फार रेंगाळतो. सगळे स्नॅपशॉट डिलीट करा. डिलीट केल्याने बदल जात नाहीत, मूळ डिस्कमध्ये मिसळतात. मोठ्या डिस्कवर याला अर्धा तासही लागू शकतो. टक्केवारी ९९ वर थांबलेली दिसली म्हणून मध्ये बंद करू नका.

विंडोजमधून व्हीएमवेअर टूल्स आत्ताच काढा. नंतर काढू म्हटलंत तर त्याचा अनइन्स्टॉलर 'मी व्हीएमवेअरवर नाही' म्हणून हटून बसण्याची शक्यता असते, आणि मग रजिस्ट्री खरवडत बसावं लागतं. लिनक्समधलं ओपन-व्हीएम-टूल्स राहिलं तरी त्रास देत नाही, सवडीने काढा.

विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर ते आधी बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. व्हर्च्युअल टीपीएममधलं, म्हणजे त्या कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या चिपमधलं, काहीही सोबत येत नाही. रिकव्हरी की हाताशी नसेल तर नव्या घरात दार उघडायला किल्लीच नाही.

आता पासवर्ड. तुम्ही लिनक्स मशीनमध्ये एसएसएचची (नेटवर्कवरून दुरून शिरायच्या सोयीची) की वापरून शिरत असाल, तर त्या मशीनचा खरा पासवर्ड तुम्हाला आठवतो का? नव्या जागी पहिल्यांदा नेटवर्क बहुधा चालणार नाही, म्हणजे एसएसएच नाही, म्हणजे कन्सोलवर पासवर्ड टाइप करूनच शिरायचं. नेक्स्टक्लाउडच्या मशीनचा पासवर्ड मी तीन वर्षांपूर्वी ठेवला होता आणि तेव्हापासून एकदाही वापरला नव्हता. आत्ताच एकदा बदलून वहीत लिहा.

ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, त्याची यादी करा. टॅलीचं तसंच आहे. जुन्या मशीनवर लायसन्स 'सरेंडर' करायचं आणि नव्यावर पुन्हा ॲक्टिव्हेट करायचं, असा क्रम आहे. मी सरेंडर करायला विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहाचा कप घेऊन आले. "अरे, व्हाउचरला तारीख एक, दोन आणि एकतीसच घेतंय. आज तर चौदा आहे." टॅली लायसन्स न सापडल्यामुळे एज्युकेशनल मोडमध्ये गेलं होतं. जुनं मशीन पुन्हा उठवून, तिथे सरेंडर करून, परत बंद करून सगळं निस्तरावं लागलं. तेवढ्यासाठी तरी जुनं मशीन पुसलेलं नव्हतं हे नशीब. विंडोजचं स्वतःचं ॲक्टिव्हेशनही पुन्हा मागितलं जाऊ शकतं, कारण त्याच्या दृष्टीने मदरबोर्डच बदललेला असतो.

अल्मालिनक्स, रॉकी अशा रेड हॅट घराण्यातल्या मशीनसाठी एक जास्तीचं काम. त्यांचा बूटचा गाभा फक्त सध्याच्या हार्डवेअरपुरतेच ड्रायव्हर सोबत ठेवतो. निघण्याआधी 'ड्रॅकट'ला 'नो-होस्टओन्ली' पर्याय देऊन तो पुन्हा बनवून घ्या, म्हणजे सगळे ड्रायव्हर आत येतात. डेबियन आणि उबुंटू मुळातच सगळं बांधून निघतात, त्यांना हे लागत नाही.

आणि शेवटी मशीन नीट बंद करा. विंडोज 'शट डाउन' करताना शिफ्ट दाबून ठेवा. नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपतं आणि डिस्कही अर्धवट अवस्थेत राहते.

पायरी ३: प्रत्यक्ष हलवाहलव

इतकी तयारी झाल्यावर हा भाग अगदीच सोपा आहे. प्रॉक्समॉक्समध्ये डावीकडे 'डेटासेंटर' निवडा, मग 'स्टोरेज', मग 'ॲड', आणि यादीतून 'ईएसएक्सआय'. त्याला एक नाव द्या, जुन्या सर्व्हरचा पत्ता, युजर आणि पासवर्ड द्या, आणि सर्टिफिकेट तपासू नको असं सांगणाऱ्या चौकोनात खूण करा. घरच्या ईएसएक्सआयचं सर्टिफिकेट त्यानेच त्याला दिलेलं असतं, त्यामुळे खूण केली नाही तर जोडणी नाकारली जाते.

डावीकडे नवीन स्टोरेज दिसेल. त्यावर क्लिक केलं की जुनी सगळी मशीनं ओळीने उभी असतात. सर्वांत लहान, सर्वांत बिनमहत्त्वाचं मशीन निवडा आणि 'इम्पोर्ट' दाबा. पहिला प्रयोग बाबांच्या टॅलीवर करू नका.

खिडकीत पाहायच्या गोष्टी तीन. डिस्क कुठे ठेवायची ते स्टोरेज. नव्या माणसाने 'लोकल-एलव्हीएम' घ्यावं. नेटवर्कचा ब्रिज, जो बहुधा 'व्हीएमबीआर०' एकटाच असतो. ब्रिज म्हणजे आतल्या मशीनना घरच्या नेटवर्कला जोडणारा अदृश्य स्विच. आणि सीपीयूचा प्रकार. प्रॉक्समॉक्सची यंत्रं एकाहून जास्त नसतील तर 'होस्ट' घ्या, म्हणजे खऱ्या सीपीयूची सगळी ताकद आत मिळते.

'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये डेबियन-उबुंटूसाठी डिस्कचा कंट्रोलर थेट 'व्हर्टआयओ स्कझी सिंगल' करून टाका आणि नेटवर्क कार्ड 'व्हर्टआयओ'. व्हर्टआयओ म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेली वेगवान खोटी यंत्रं. विंडोजसाठी मात्र 'प्रिपेअर फॉर व्हर्टआयओ-स्कझी' या चौकोनात खूण करा. त्याने डिस्क तात्पुरती साटावर, म्हणजे विंडोजच्या ओळखीच्या जोडणीवर, लागते. याचं कारण पायरी ५ मध्ये. मॅक पत्ता जुनाच ठेवला तर राउटरमध्ये त्या पत्त्यासाठी राखलेला आयपी आपोआप परत मिळतो. हा मोठाच फायदा आहे.

'लाइव्ह इम्पोर्ट' असाही एक पर्याय दिसेल, ज्यात डिस्क ओढत असतानाच मशीन चालू होतं. मोह आवरा. मध्ये नेटवर्क तुटलं तर तोवर त्यात लिहिलेलं सगळं जातं.

इम्पोर्ट सुरू झाला की खाली टक्केवारी सरकत राहते. वेळेचा अंदाज: गिगाबिट केबलवर सेकंदाला जास्तीत जास्त ११० एमबीच्या आसपास, म्हणजे १०० जीबीला किमान १५ मिनिटं. प्रत्यक्षात ईएसएक्सआय इतक्या वेगाने देतोच असं नाही. तुम्हाला जर सेकंदाला ११-१२ एमबीच मिळत असतील, तर तुमच्या राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे आहेत. नेटसोबत फुकट आलेल्या राउटरांत हे सर्रास असतं. अशा वेळी तेवढेच १०० जीबी सव्वादोन तास खातात. हजार-दीड हजारांचा गिगाबिट स्विच मध्ये लावला की प्रश्न मिटतो. एका वेळी एकच मशीन ओढा, चार एकदम लावलीत तर ईएसएक्सआय जोडण्या नाकारायला लागतो.

होम असिस्टंट मी ओढलंच नाही. त्याची स्वतःची बॅकअपची सोय इतकी चांगली आहे की नवीन मशीनवर ते ताजं बसवून बॅकअप परत घेणं जास्त स्वच्छ. एवढंच लक्षात ठेवा की त्याला ओव्हीएमएफ लागतं, आणि ईएफआय डिस्क बनवताना 'प्री-एनरोल कीज'ची खूण काढावी लागते, नाहीतर सिक्युअर बूट त्याला दारातच अडवतो.

पायरी ४: लिनक्स पहिल्यांदा उठवताना

जुनं मशीन बंद आहे याची खात्री करा आणि मगच नवीन चालू करा. एकाच आयपीची दोन मशीनं एकदम जागी झाली की दोघांचाही ताळतंत्र सुटतो. आणि फक्त बंद करून भागत नाही, ईएसएक्सआयमधलं त्यांचं 'ऑटोस्टार्ट'ही काढा. मी ते काढलं नव्हतं. दुपारी वीज गेली, आली, शोकेसखालचा म्हातारा उठला आणि त्याने इमानेइतबारे जुनं पाय-होलही उठवलं. घरातले निम्मे फोन एकाकडे, निम्मे दुसऱ्याकडे. हे कळायला मला रात्रीचे अकरा वाजले.

आता 'कन्सोल' उघडून पाहा. लॉगिन आलं तर ऐंशी टक्के काम झालं. आत शिरा आणि 'आयपी ए' ही कमांड द्या (कमांड अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत). ईएसएक्सआयवर नेटवर्क कार्डाचं नाव 'ईएनएस१९२' किंवा 'ईएनएस१६०' असं असायचं. इथे ते 'ईएनएस१८' झालेलं दिसेल. हे नाव कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून पडतं, आणि खाच बदलली. पण सेटिंगच्या फाइलमध्ये अजून जुनंच नाव आहे, म्हणून नेट नाही. डेबियनवर ईटीसी फोल्डरातल्या 'नेटवर्क'मध्ये 'इंटरफेसेस' नावाची फाइल, उबुंटूवर ईटीसीमधल्या 'नेटप्लॅन' फोल्डरातली फाइल. तिच्यात जुनं नाव जिथे जिथे आहे तिथे नवीन लिहा, रीबूट करा. नव्वद टक्के 'माझं मशीन हलवल्यावर नेट चालत नाही'चं उत्तर या एका शब्दात असतं.

लॉगिनच आलं नाही तर? 'बूटेबल डिव्हाइस नाही' असा संदेश असेल तर 'ऑप्शन्स'मध्ये बूटचा क्रम पाहा, आपली डिस्क वर आहे आणि तिच्यासमोर खूण आहे ना. ईएफआयवालं मशीन एखाद्या पिवळ्या-काळ्या शेलमध्ये जाऊन बसलं असेल तर त्याला आपला बूटलोडर कुठे आहे हे आठवत नाहीये, कारण ती आठवण जुन्या घरच्या चिपमध्ये होती. मशीन पुन्हा चालू करा, प्रॉक्समॉक्सचं चिन्ह दिसताच एस्केप दाबा, 'बूट मेंटेनन्स मॅनेजर'मध्ये जाऊन 'ॲड बूट ऑप्शन' घ्या, आणि ईएफआय फोल्डरात आपल्या लिनक्सच्या नावाच्या फोल्डरातली 'शिम' किंवा 'ग्रब'ने सुरू होणारी फाइल दाखवा. एकदाच करावं लागतं.

सगळं चाललं की 'क्यूईएमयू गेस्ट एजंट' हे पॅकेज आत बसवा आणि बाहेर 'ऑप्शन्स'मध्ये तेच चालू करा. त्याने प्रॉक्समॉक्सला मशीनचा आयपी दिसतो आणि बॅकअप घेताना आतली फाइल सिस्टिम क्षणभर थांबवता येते. ही खूण लागू व्हायला मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं, आतून रीबूट केलेलं चालत नाही.

पायरी ५: विंडोजचं वेगळंच असतं

लिनक्समध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर आधीच असतात. विंडोजमध्ये नसतात. म्हणून विंडोजची डिस्क एकदम व्हर्टआयओ स्कझीवर लावली की निळा पडदा येतो: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. नुसते ड्रायव्हर बसवूनही पुरत नाही. तसलं यंत्र विंडोजने एकदा डोळ्यांनी पाहिलं की मगच तो ड्रायव्हर बूटच्या वेळी जागा होतो. म्हणून एक छोटी युक्ती करायची.

'व्हर्टआयओ-विन'ची आयएसओ उतरवून प्रॉक्समॉक्सवर चढवा आणि मशीनच्या सीडीत लावा. 'हार्डवेअर'मध्ये १ जीबीची एक रिकामी डिस्क 'स्कझी'वर जोडा. हीच ती ओळख करून द्यायची डिस्क. विंडोज साटावरून नेहमीसारखं सुरू होईल, जरा संथ. आत सीडीमधलं 'गेस्ट टूल्स' चालवा. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये ती १ जीबीची डिस्क दिसली की जिंकलात. शिफ्ट दाबून शट डाउन करा.

आता बाहेर या. ती १ जीबीची डिस्क काढून टाका. मुख्य डिस्क निवडून 'डिटॅच' करा. घाबरू नका, ती जात नाही, यादीत 'अनयूज्ड' म्हणून खाली उतरते. तिच्यावर डबल क्लिक करून यावेळी 'स्कझी' निवडा, 'डिस्कार्ड'वर खूण करा म्हणजे विंडोजने मोकळी केलेली जागा खालीही मोकळी होते. आणि बूटचा क्रम पुन्हा लावा. डिस्क काढली की ती क्रमातूनही निघून जाते, आणि ही गोष्ट मी चारपैकी चार वेळा विसरलोय.

आत गेल्यावर दोन किरकोळ त्रास. ठरावीक आयपी द्यायला गेलात तर विंडोज म्हणेल की हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. ते दुसरं कार्ड म्हणजे ईएसएक्सआयचं भूत. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये लपलेली यंत्रं दाखवायला सांगा आणि पुसट दिसणारं जुनं कार्ड काढून टाका. आणि डी ड्राइव्ह गायब वाटला तर 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये ती डिस्क 'ऑफलाइन' असेल, राइट क्लिक करून 'ऑनलाइन' करा.

घरात एकच यंत्र असेल तर

मग जुनी डिस्क पुसू नका, काढून ठेवा. ५०० जीबीची नवी एसएसडी घ्या आणि तिच्यावर प्रॉक्समॉक्स बसवा. आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढलेल्या फाइली आता कामाला येतात. प्रॉक्समॉक्समध्ये डिस्क नसलेलं रिकामं मशीन बनवा, बायोस की ओव्हीएमएफ ते वहीत पाहून. मग शेलमध्ये 'क्यूएम डिस्क इम्पोर्ट', त्यापुढे मशीनचा क्रमांक, डिस्कच्या फाइलचा पूर्ण पत्ता आणि स्टोरेजचं नाव. डिस्क 'अनयूज्ड' म्हणून येईल, पुढचं सगळं वरच्यासारखंच. डेटास्टोअरमधून फाइली हाताने कॉपी केल्या असतील तर 'व्हीएमडीके' फाइली जोडीने असतात हे विसरू नका: एक काही केबीची, वर्णनाची, आणि दुसरी नावात 'फ्लॅट' असलेली अगडबंब. दोन्ही एकाच फोल्डरात हव्यात, आणि कमांडमध्ये नाव द्यायचं ते लहानीचं.

जुनं लगेच मोडू नका

एक आठवडा जुना सर्व्हर बंद करून तसाच ठेवा, जमलं तर एखादा महिनाअखेर आणि टॅलीचं जीएसटी रिटर्न जाईपर्यंत. दरम्यान प्रॉक्समॉक्सच्या 'डेटासेंटर'खालच्या 'बॅकअप'मध्ये रोज रात्रीचं काम लावा, आणि एक बॅकअप वेगळ्या क्रमांकावर परत उभा करून पाहा. तो उभा करताना नेटवर्क कार्डाची खूण 'डिस्कनेक्ट' ठेवा, नाहीतर पुन्हा जुळ्या मशीनचा तमाशा. मग प्रत्येक मशीनला 'स्टार्ट ॲट बूट' द्या आणि क्रमात पाय-होलला १ नंबर, म्हणजे वीज गेली-आली तरी नेट आधी उठेल.

जुना डेस्कटॉप मोकळा झाला की त्यावरही प्रॉक्समॉक्स टाकून दोघांचं क्लस्टर (एकत्र चालणारा गट) करावंसं वाटतं. दोनच यंत्रांचं क्लस्टर करू नका. त्यातलं एक बंद पडलं की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही, आणि ते बंद असलेलं मशीन चालू करायलाही नकार देतं. मी त्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवलाय. तो रात्री दोन वाजता जागा होतो, आणि पंखा अजून कुरकुरतोच.